मृगाला एक जोडी, दसऱ्याला दोन राज्यं

७ जून, मृग निघाला. बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बाजारात केळ्यांच्या गाड्यावर डागाळलेली एक फणी बाजूला काढून ठेवली आहे आणि तिच्यावर दोन चिलटं बसली आहेत, एक नर आणि एक मादी. लांबी अडीच मिलिमीटर, वजन फार तर एक मिलिग्रॅम, डोळे विटकरी लाल. आता असं धरून चालू की या जोडीला आणि तिच्या वंशाला अन्न कधीच कमी पडत नाही, हवा २५ अंशांवर थांबलेली आहे, आणि पाल, कोळी, मुंगी यांपैकी कुणीही वाटेत येत नाही. मादी आयुष्यात चारपाचशे अंडी सहज घालते, पण आपण हात आखडता घेऊ आणि शंभरच जगली असं मानू. त्यातल्या निम्म्या माद्या. अंड्यापासून अंड्यापर्यंत एक फेरा १२ दिवसांचा. बाकी नुसता पाढा: दर बारा दिवसांनी पन्नास पट.

बारा दिवसांनी शंभर. चोवीस दिवसांनी पाच हजार. छत्तिसाव्या दिवशी अडीच लाख, अठ्ठेचाळिसाव्या दिवशी सव्वा कोटी. इथवर गाडेवाला नुसता वैतागला असेल. श्रावणात, म्हणजे बहात्तराव्या दिवशी, आकडा ३,१२५ कोटींवर जातो. पृथ्वीवर जेवढी माणसं आहेत त्यांच्या जवळपास चौपट. घटस्थापनेच्या सुमारास नववी पिढी उडू लागते. ती भरते ३९ कोटी कोटी, म्हणजे ३९ कोटींना पुन्हा एका कोटीनं गुणायचं. एका माशीला बसायला तीन चौरस मिलिमीटर जागा दिली, तर ५,४५० चौरस किलोमीटरचा बिदर जिल्हा एकाही फटीविना झाकला जातो आणि उरलेल्या माश्या कलबुर्गी जिल्ह्याचा निम्म्याहून जास्त भाग व्यापतात.

आणखी बारा दिवस थांबा. दसऱ्याच्या आसपास दहावी पिढी येते, तिला पावणेसहा लाख चौरस किलोमीटरहून जास्त जागा लागते. महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून होतात पाच लाख. म्हणजे दोन्ही राज्यं एका थराखाली, वर गोवा आणि तेलंगणाचा बराचसा मुलूख. १९५६ पासून सुटत नसलेला सीमाप्रश्न चार महिन्यांत निकाली, कारण सीमा दिसायलाच नको. या दहाव्या पिढीचं वजन साडेएकोणीस कोटी टन भरेल.

असं होत नाही, हे सांगायला नको. सडकं फळ संपतं. अळ्या एकमेकींच्या तोंडचा घास काढतात, गर्दीत वाढलेल्या माश्या खुज्या निघतात आणि अंडीही कमी घालतात. ऊन तर मोठाच वैरी. तापमान ३० अंशांच्या वर टिकून राहिलं की या जातीचे नर निर्बीज होतात, आणि कलबुर्गीत एप्रिल-मेला पारा चाळिशी ओलांडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही माशी तग धरते ती सावलीला, ओलाव्याला, घराच्या आडोशाला. गाणगापूरला संगमावरच्या दर्शनाहून आणलेला केळ्यांचा प्रसाद चार दिवस फडताळात विसरला, तर उघडल्याबरोबर जे तोंडावर येतं, ते हेच.

एक खुलासा इथेच करतो, कारण बागायतदार वाचक एव्हाना भुवया उंचावून बसले असतील. आंब्याच्या, पेरूच्या सालीखाली अंडी घालून अख्खी तोड वाया घालवणारी फळमाशी वेगळी. ती आकारानं घरमाशीएवढी, आणि तिच्यासाठी बागेत सापळे टांगावे लागतात. आपली चिलटं टवटवीत फळाच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यांना हवं असतं आंबू लागलेलं फळ, खरं तर त्यावरचं किण्व. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. गेल्या सव्वाशे वर्षांत आनुवंशिकतेबद्दल जे कळलं, त्यातला फार मोठा हिस्सा या माशीच्या अंगावर वाचलेला आहे, आणि त्याचं कारण वर केलेला पाढाच आहे. आनुवंशिकी ही मोजदादीची विद्या. मोजायला पुरेशी पोरं लागतात, आणि ती मोजणाऱ्याच्या हयातीत जन्मावी लागतात.

माणूस या कामाला फारच गैरसोयीचा. गांधारीला शंभर पुत्र आणि एक कन्या, तेही व्यासांच्या कृपेनं आणि तुपाच्या शंभरएक घागरी लागल्या तेव्हा. चिलटाची मादी ऐन भरात असली की तेवढी अंडी दोन दिवसांत घालते, तेही दुधाच्या बाटलीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुरुवातीला माश्या खरोखरच दुधाच्या बाटल्यांत पाळल्या होत्या. त्यांची खोली १६ फूट बाय २३ फूट, आत आठ टेबलं, आणि केळ्यांचा आंबूस वास.

१९१० साली या खोलीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. मॉर्गननी त्याची गाठ लाल डोळ्यांच्या माद्यांशी घालून दिली. पोरं झाली १,२४०, त्यातली १,२३७ लाल डोळ्यांची. (तीन पांढरी निघाली, ती त्यांनी वेगळी काढली.) मग या पोरांचा आपसात संकर केला. नातवंडांची मोजणी अशी: लाल डोळ्यांच्या माद्या २,४५९. लाल डोळ्यांचे नर १,०११. पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२. पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या शून्य.

या लेखात पुढे मोठमोठे आकडे येणार आहेत, पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो हा शून्य. समजा नातवंडं सोळा असती आणि चार पांढऱ्या डोळ्यांची निघून चारही नर असती, तर कुणीही म्हणालं असतं, योगायोग. चार वेळा नाणं उडवून चारदा छापा पडण्याची शक्यता सोळात एक असते. पण ७८२ पांढऱ्या डोळ्यांची नातवंडं, आणि झाडून सगळी नर? नुसत्या योगायोगानं असं घडण्याची शक्यता एकावर २३५ शून्यं मांडली की जो आकडा होतो त्यात एक. दिसणाऱ्या विश्वातले एकूण अणू मोजले तरी एकावर ऐंशीच शून्यं पुरतात. योगायोगाला तोंड लपवायला जागाच उरली नाही. डोळ्याचा रंग ठरवणारा घटक नर-मादी ठरवणाऱ्या एक्स गुणसूत्रावरच बसलेला असला पाहिजे, हे उघड झालं. पांढऱ्या डोळ्यांची मादी मिळवायला दोन्ही एक्सवर तो दोष लागतो, आणि पुढच्या संकरात मॉर्गननी ती मिळवूनही दाखवली. हिमोफिलिया किंवा रंगांधळेपणा आईकडून मुलग्यांत का उतरतो, याचं उत्तर त्याच हिशेबात आहे. माणसाच्या एका घराण्यात ४,२५२ नातवंडं मोजायची म्हटली, तर तालुका पुरायचा नाही.

मॉर्गनचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट तेव्हा पदवीचं शिकत होता, वय १९. मॉर्गनशी बोलता बोलता त्याच्या डोक्यात आलं की दोन गुण किती वेळा एकत्र उतरतात आणि किती वेळा फारकत घेतात, यावरून गुणसूत्रावरचं त्यांचं अंतर काढता येईल. एका रात्रीत, कॉलेजचा अभ्यास बाजूला टाकून, त्यानं सहा जनुकांचा नकाशा मांडला. १९१३ साली तो छापून आला. जगातला हा पहिला जनुकनकाशा, आणि तो माशी फाडून नव्हे तर माश्या मोजून निघाला. १९२७ मध्ये हर्मन म्युलरनी दाखवलं की क्ष-किरणांनी उत्परिवर्तनाचा वेग दीडशे पटींपर्यंत वाढतो. हजारो माश्या तपासल्याशिवाय असा दर काढताच आला नसता. मॉर्गनना १९३३चं नोबेल मिळालं, म्युलरना १९४६चं. माशीच्या खात्यावर पुढेही १९९५, २०११ आणि २०१७ची नोबेलं जमा झाली.

पोरांच्या संख्येइतकीच महत्त्वाची बाब पिढ्यांच्या वेगाची. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली आणि माशीची बारा दिवसांची, तर माशीचं एक वर्ष म्हणजे तीस पिढ्या, माणसाच्या हिशेबात साडेसातशे वर्षं. आपल्या भागात या हिशेबाला इतिहास मुबलक आहे. बिदरला महमूद गावानचा मदरसा १४७२ साली उभा राहिला, त्यानंतर माणसाच्या बावीस पिढ्या झाल्या. माशीला त्यासाठी नऊ महिनेही लागत नाहीत. गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं तेव्हापासूनच्या पिढ्या माशी अकरा महिन्यांत उरकते. कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात बसवण्णा होते. तिथपासून आजवर साधारण चौतीस पिढ्या. माशीच्या दिनदर्शिकेवर जेमतेम साडेतेरा महिने. एखादा संशोधक पीएचडीला पाच वर्षं लावतो, तेवढ्यात त्याच्या बाटलीतून साडेतीन हजार वर्षांहून जास्त वंशावळ निघून जाते.

म्हणून उत्क्रांतीचा प्रयोग या माशीवर जन्मभरात करता येतो. क्योटो विद्यापीठात स्युइची मोरी यांनी १९५४च्या नोव्हेंबरात काही माश्या काळोखात ठेवल्या आणि तो वंश पुढे सत्तावन्न वर्षं अंधारातच वाढत राहिला, १,४०० पिढ्या. माणसाच्या हिशेबात ही पस्तीस हजार वर्षं झाली. बेंगळुरूला जवाहरलाल नेहरू केंद्रात अमिताभ जोशी आणि पुण्याच्या आयसरमध्ये सुतीर्थ डे यांच्या प्रयोगशाळांतही असे वंश शेकडो पिढ्या निवड करत वाढवले गेले आहेत. कुठे लवकर वाढणारे निवडायचे, कुठे लांब जाणारे. या माश्यांचं खाणं मोठं मजेशीर: केळं, गूळ, सातू, यीस्ट, आणि घट्ट व्हायला आगर. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाचं राष्ट्रीय संग्रह केंद्र आहे; तिथल्या पद्धतीत केळ्याऐवजी गव्हाचा रवा. गूळ, रवा, पाणी, सतत ढवळणं, गुठळी होऊ द्यायची नाही. शिऱ्याचंच काम, फक्त शेवटी वेलदोड्याऐवजी बुरशीनाशक आम्ल पडतं.

हे रांधप थांबवता येत नाही, कारण बियाण्यासारख्या माश्या पोत्यात भरून ठेवता येत नाहीत. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या संग्रहात सत्तर हजारांहून जास्त वेगवेगळे वाण आहेत आणि प्रत्येकाला काही आठवड्यांनी नव्या बाटलीत हलवावं लागतं. संकरासाठी माद्या कोऱ्या हव्यात, आणि कोषातून बाहेर पडल्यावर त्या जेमतेम आठ तास तशा राहतात. जगभरातल्या माशीवाल्या विद्यार्थ्यांच्या झोपेचं वेळापत्रक या आठ तासांनी ठरवलेलं आहे. ‘व्हर्जिन गोळा करायला चाललो’ असं प्रयोगशाळेत कुणी मोठ्यानं म्हटलं, तरी तिथे कुणाचीही मान वळत नाही.

मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दीकींना बोलावलं. सिद्दीकी पुढे अमेरिकेत सेमूर बेंझरबरोबर तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम करून आले. मग मुंबईत त्यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला: माशीला वास कसा येतो, चव कशी कळते? त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातली, जन्म केनियातला, शिक्षण युगांडा आणि डब्लिनमध्ये. या दोघांनी हजारो माश्यांतून अशा निवडल्या की ज्यांना ठराविक वास येतच नाही, किंवा साखर आणि क्विनाइन यांतला फरक लागत नाही. १९७८ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो निबंध आला. माशीच्या एका शृंगिकेत वास घेणाऱ्या सुमारे १,२०० चेतापेशी असतात आणि त्यांचे धागे मेंदूत पन्नासेक गुच्छांत जाऊन मिळतात. वास ओळखणारी तिची जनुकं साधारण साठ. माणसाची चारशेच्या घरात. तरी पिकल्या केळ्याचा वास कुणाला आधी लागतो, हे आपण रोज बघतो. सिद्दीकींनी पुढे बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारलं.

आता जरा नाजूक विषय. आपल्याकडे मामाची मुलगी करण्यात कुणाला वावगं वाटत नाही, आणि भालकी-आळंदच्या पट्ट्यात सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही होतं. अशा मामा-भाचीच्या मुलात जनुकांच्या दर आठ जागांपैकी सरासरी एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असतात. आतेमामे भावंडांच्या मुलात सोळांपैकी एका जागी. एखादा दोष एकाच प्रतीत दडून बसला असेल, तर अशा घरात तो दुहेरी होऊन वर येण्याची शक्यता वाढते. हे किती वाढतं, कुठल्या जनुकामुळे, हे माणसात शोधायला शतकं लागतील. अमेरिकेत रॅले शहराच्या शेतकरी बाजारातून पकडलेल्या माश्यांवर ट्रुडी मॅके यांच्या गटानं तो प्रयोग टोकाला नेला. सख्ख्या भावाबहिणींचाच संकर, ओळीनं वीस पिढ्या. शेवटी दर शंभरांतल्या ९८ जागा एकसारख्या. या पद्धतीनं २०५ वाण तयार झाले आणि प्रत्येकाचा अख्खा जनुकसंच वाचला गेला. वीस पिढ्या म्हणजे माशीचे आठ महिने. माणसाची पाचशे वर्षं. बिदरला बरीदशाही नुकती मूळ धरत होती, तिथपासूनची.

पण माशीवर जे दिसलं ते माणसाला लागू का पडावं? माशीचा जनुकसंच सुमारे १८ कोटी अक्षरांचा, माणसाचा तीनशे कोटींहून मोठा. प्रथिनं बनवणारी जनुकं मात्र तिच्याकडे चौदा हजारांच्या आसपास आणि आपल्याकडे वीस हजारांच्या. सतरा पट लांब पोथी, आणि कामाचे श्लोक दीडपटही नाहीत! २००१ मध्ये माणसाच्या रोगांशी संबंधित ९२९ जनुकं घेऊन त्यांची जोडी माशीत शोधली, तर ७१४ सापडली. माणूस आणि माशी यांचा सामायिक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे, आणि तेव्हाची हत्यारं दोघांनीही टाकून दिलेली नाहीत.

या माशीच्या नात्यातली एक, ड्रोसोफिला बायफर्का, हिच्याबद्दल एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. तिचा नर काही मिलिमीटरांचा, आणि त्याचा एक शुक्राणू उलगडला तर ५.८ सेंटिमीटर. आपल्या बोटाएवढा.

मोजणीच्या वेडाचं अलीकडचं टोक म्हणजे मेंदू. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ मादीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. हा मेंदू एक मिलिमीटरही रुंद नाही. त्याचे सात हजार काप केले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दोन कोटी दहा लाखांच्या आसपास चित्रं काढली, आणि त्यातून १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातल्या पाच कोटींहून अधिक जोडण्या हुडकून काढल्या. सगळे धागे एकापुढे एक ठेवले तर दीडशे मीटर. बहुतेक काम संगणकानं केलं, पण संगणक धागे चुकीचे जोडतो, म्हणून शेकडो माणसांनी ते तपासले. एका माणसानं तेच करायचं तर तेहतीस वर्षं लागली असती.

माणसाच्या मेंदूत ८,६०० कोटी चेतापेशी. माशीच्या सहा लाखांहून जास्त मेंदूंएवढ्या. तपासणीचा वेग तोच धरला, तर काम निघतं दोन कोटी माणूसवर्षांचं. २०११च्या जनगणनेत बिदर जिल्ह्यात १७ लाख लोक होते आणि कलबुर्गीत साडेपंचवीस लाखांच्या वर. या दोन्ही जिल्ह्यांतल्या झाडून सगळ्यांना, पाळण्यातल्या पोरापासून नव्वदीच्या आजीपर्यंत, संगणकासमोर बसवलं, तर एका माणसाचा मेंदू पावणेपाच वर्षांत तपासून होईल. तुरीची काढणी, ऊसतोड, जत्रा, लग्नसराई सगळं बंद. आणि हा हिशेबही माणसाला झुकतं माप देणारा आहे, कारण आपली एकेक चेतापेशी माशीच्या पेशीपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करते.

अंतराळातही पहिली गेली ती हीच. २० फेब्रुवारी १९४७ला अमेरिकेनं जर्मनांकडून घेतलेल्या व्ही-२ रॉकेटमधून फळमाश्या १०९ किलोमीटर उंचीवर पाठवल्या आणि त्या जिवंत परत आल्या. आता आपल्याकडच्या गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठानं माश्यांची खास पेटी तयार केल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. विषय आहे मुतखडा. वजनरहित अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम सुटून लघवीत येतं आणि अंतराळवीरांना खड्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात पाण्याविना रानात राबणाऱ्या आपल्या माणसांना हा खडा वेगळ्या वाटेनं भेटतो, पण घडतो बहुधा त्याच कॅल्शियम ऑक्सलेटचा. माशीला मूत्रपिंड नसतं, चार बारीक नळ्या असतात. खाण्यात ऑक्सलेट मिसळलं की त्या नळ्यांत खडे धरतात, आणि नळ्या काचेसारख्या पारदर्शक असल्यामुळे ते सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजता येतात. यान परत आल्यावर वर गेलेल्या माश्यांचे खडे मोजायचे आणि जमिनीवरच राहिलेल्या माश्यांशी ताळा करून बघायचा, असा बेत आहे.